ऑफलाइन म्हणजे काय? समोर तर बसलाय!

तीन तास! काल रात्री साडेसातपासून साडेदहापर्यंत मी एका प्रिंटरसमोर बसून होते. दिवा हिरवा, कागद भरलेला, टोनर गेल्याच महिन्यात बदललेला. आणि दीड हातावर ठेवलेला कंप्युटर सांगतोय, प्रिंटर ऑफलाइन. कशावरून ऑफलाइन? का ऑफलाइन? कधीपासून? एक अक्षर पुढे नाही.

आज एकादशी. आईच्या भजनी मंडळाचं पंढरीनाथाच्या देवळात भजन. मंडळातल्या बहुतेक बायका सत्तरीच्या आसपासच्या, बारीक टाइप दिसत नाही. म्हणून बाबांनी आठवडाभर बसून अकरा भजनं मोठ्या टाइपात मराठीत टाइप केली. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. जोडाक्षर अडलं की मला ऑफिसात फोन यायचा, पण काम त्यांनी एकट्यानं पुरं केलं. पंधरा प्रती काढायच्या, बस, एवढंच राहिलं होतं.

मी घरी पोचले तेव्हा बाबा अपराधी चेहऱ्यानं बसले होते. "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल गं." या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. पंधरा-पंधरा हजारांची यंत्रं विकता आणि बिघाड झाला की म्हाताऱ्या माणसाला वाटायला लावता की चूक त्याची?

त्याआधी त्यांनी मोबाइलवर मदतीचा नंबर शोधला होता. वरच जो नंबर दिसला तो लावला. पलीकडचा माणूस कंपनीचा असल्यासारखा बोलला आणि म्हणाला, एक ॲप टाका, मी तुमची स्क्रीन इथून बघतो. ज्या कंप्युटरवर बाबा पेन्शनचं खातं उघडतात, तो कंप्युटर! आईनं फोन ठेवायला लावला म्हणून वाचलो. प्रिंटर बंद पडला की घाबरलेलं माणूस काय शोधणार हे या चोरांना पक्कं ठाऊक असतं, तिथेच ते जाळं लावून बसतात. तुमच्या घरी वडीलधारी माणसं असतील तर आजच सांगून ठेवा: नंबर खोक्यावरचा किंवा प्रिंटरबरोबर आलेल्या पुस्तिकेतलाच लावायचा, आणि स्क्रीन कोणाच्या हाती द्यायची नाही.

खरा हेल्पलाइनवाला तरी काय करणार होता? प्रिंटर बंद करून चालू करा. केलं. कंप्युटर बंद करून चालू करा. केलं. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाका. तेही केलं. मग म्हणे, वॉरंटी संपली आहे, पुढच्या मदतीचे पैसे पडतील. ज्या दुकानातून प्रिंटर घेतला तिथे फोन केला तर, "मॅडम, चार साल पुराना है, नया ले लो." न बघता! चार वर्षांत धड चार रिमं कागद छापला नसेल त्यानं.

वायर लावून छापावं म्हटलं, तर ती चौकोनी टोकाची यूएसबी वायर खोक्यात दिलेलीच नव्हती. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पावसामुळे दुकान बंद करून केव्हाच घरी गेलेला.

प्रिंटच्या रांगेत बाबांनी सोडलेली नऊ कामं अडकलेली होती. रद्द केली तर 'डिलीटिंग' म्हणून तिथेच चिकटून. शेवटी विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छापायची कामं रांगेत लावणारा प्रोग्राम, थांबवला, स्पूलच्या आतलं प्रिंटर्स नावाचं फोल्डर रिकामं केलं, स्पूलर परत चालू केला. रांग साफ झाली. प्रिंटर ऑफलाइन तो ऑफलाइनच.

मग साडेनऊला मला सुचलं की प्रिंटरचं बटण दाबून धरलं की तो स्वतःची माहिती स्वतःच छापतो. छापली! ठणठणीत होता तो. त्या कागदावर त्याचा नेटवर्कवरचा पत्ता होता, शेवटचा आकडा ११. कंप्युटर कोणत्या पत्त्यावर छापायला पाठवतो ते प्रिंटर प्रॉपर्टीजच्या पोर्ट्समध्ये पाहिलं, तिथे शेवटचा आकडा ५.

एवढंच झालं होतं. दुपारी गडगडाट झाला, लाइट गेली, आली, राउटर नव्यानं चालू झाला. राउटर हे पत्ते कायमचे देत नाही, तात्पुरते वाटतो. आमच्या राउटरनं ५ नंबर टीव्हीला दिला आणि प्रिंटरला ११. कंप्युटर आपला टीव्हीच्या दारावर जाऊन प्रिंटरला हाका मारत होता.

अहो, मग तसं सांगा ना! "या पत्त्यावर प्रिंटर सापडला नाही, त्याचा पत्ता बदलला असेल", एवढं वाक्य स्क्रीनवर लिहायला काय जातं? प्रिंटर त्याच वायफायवर, दीड हातावर बसलाय, शोधून घ्यायला काय होतं? ऑफलाइन या एका शब्दात सगळं कोंबायचं: वायर सुटली तरी ऑफलाइन, वायफाय गेलं तरी ऑफलाइन, पत्ता बदलला तरी ऑफलाइन. आणि शोधत बसायचं आमच्या बाबांनी.

ॲड पोर्टमधून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट निवडला, नवा पत्ता घातला, दोन मिनिटांत पहिलं पान बाहेर. मग राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून तो पत्ता प्रिंटरच्या नावावर राखून ठेवला, म्हणजे परत लाइट गेली तरी बदलणार नाही. हे काम प्रिंटर बसवायला आलेल्या माणसानं पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम! त्यानं एक पान छापून दाखवलं, सही घेतली आणि गेला.

पंधरा प्रती निघाल्या तेव्हा पावणेअकरा वाजले होते. त्या द्यायला आत गेले तर आई पलंगावर मार्कर घेऊन बसलेली. प्रिंटर चालू होईल असं तिला वाटलंच नव्हतं. अकराच्या अकरा भजनं तिनं वहीच्या कागदांवर मोठ्या अक्षरात हातानं उतरवून काढली होती आणि आता दुसरी प्रत चालू होती. उजवा अंगठा दुखतो तिचा, गेल्या दिवाळीपासून.

सकाळी दोन्ही गठ्ठे घेऊन गेली.