हौद्याला टप

पिकअप ज्याच्या नावावर असते तो फक्त हप्ते भरतो. गाडी गावाची असते. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आणि जोडीला खता-बियाण्याचं छोटं दुकान असलेल्या माणसाला पिकअपवाचून चालत नाही, त्यामुळं घेतल्याचं दुःख नाही. डोक्याला ताप झाला तो वेगळाच. तिच्या उघड्या हौद्यावर टप बसवायचा की नाही?

विषय काढला पावसानं. मराठवाड्याचा पाऊस सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणातला पाहुणा एवढ्या पाण्याला सडा म्हणेल. पण सरासरी कागदावर पडते, अंगावर पडत नाही. आमच्याकडं अख्खा महिना आभाळाकडं बघण्यात जातो आणि मग एखाद्या दुपारी असा कोसळतो, की ओढ्याच्या अलीकडचा अलीकडं आणि पलीकडचा पलीकडं. 2025 च्या सप्टेंबरात तर जन्मभर पावसाची वाट बघितलेली माणसं हात जोडून "आता पुरे" म्हणायला लागली होती.

अशाच एका दुपारी जालन्याहून युरिया भरून निघालो होतो. युरियाचं पोतं 45 किलोचं आणि स्वभाव असा, की नुसती दमट हवा लागली तरी ढेकळं धरतं. पाणी लागलं तर पोत्यात पाकच. समोरून काळं आभाळ येताना दिसलं. गाडी कडेला घेतली, सीटमागून ताडपत्री ओढली.

ताडपत्रीला चार कोपरे असतात ही फक्त समजूत आहे. वाऱ्यात तिला निदान सात असतात आणि त्यातला एकही हाताला लागत नाही. डावीकडचा दोर फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या बाजूच्या पडत्या फळीच्या, हुकात अडकवून उजवीकडं पळावं, तर डावीकडचा सुटून कानाखाली वाजतो. वर चढून गुडघ्यांनी दाबून धरावं, तर ती आपल्यासकट फुगते. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. मला वाटलं, मदतीला. "वाऱ्याच्या अंगानं बांधा की," एवढं ज्ञान देऊन तो निघून गेला. शेवटी बांधली. पाऊसही तोवर पडून गेला होता. पण बांधलीय तर राहू द्या म्हणून तशीच ठेवली, आणि मधल्या खोलगट भागात घागरभर पाणी साठलंय हे ध्यानात आलं नाही. पुढं म्हशी आडव्या आल्या, ब्रेक दाबला, आणि मागचं सगळं पाणी केबिनवरून पुढच्या काचेवर. आभाळ निरभ्र, रस्ता कोरडा, आणि माझ्या एकट्याच्या गाडीचे वायपर चालू.

घरी येऊन जाहीर केलं, "हौद्याला टप बसवतो. पत्र्याचा. बंद. मागून दार, दाराला कुलूप."

आबा सुपारी कातरत होते. कातरायचं थांबवून म्हणाले, "मोसंबी शिजवून इकायची का?"

यात तथ्य होतं. आमचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला धरलेली फळं, फेब्रुवारीपासून पुढं तोडायला येतो आणि एप्रिलात इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या बंद डब्यात भरदुपारी बाजाराच्या रांगेत गाडी उभी राहिली, तर मोसंबीचं काय होईल ते सांगायला नको. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे; ते फळाला आहे, मुरंब्याला नाही.

"आन् कापूस कसा भरतू?" आबांनी पुढचा मुद्दा काढला. "कापूस दाबाया माणूस वर हुबा ऱ्हावा लागतंय. त्याचं डोकं कुठं ठिवतो? कडबा कुठं रचतो?"

आबांचा विरोध मला अपेक्षित होता. बायकोचा पाठिंबा मात्र अनपेक्षित होता, आणि तो पावसासाठी नव्हताच.

"बसवाच," ती म्हणाली. "गावाला सगळं दिसतं."

तिचं म्हणणं मला नंतर उमगलं. उघड्या हौद्यातून आणलेली वस्तू घरी यायच्या आधी गावात पोचते. मागं आम्ही वॉशिंग मशीन आणलं. वेशीवर पहिल्यानं विचारलं, "केवढ्याला?" पारावर दुसऱ्यानं विचारलं, "हप्त्यानं का रोख?" गल्लीच्या तोंडाशी तिसऱ्यानं काही विचारलंच नाही, तो म्हणाला, "आमच्या साडूनं ह्येच दोन हजारानं कमी आणलं." मशीन अजून खोक्यात, आणि आम्ही फसलो हे ठरून गेलेलं. उलट माहेराहून ती पापड-कुरडयांचे डबे आणते, ते बघून शेजारणी संध्याकाळी वाट्या घेऊन हजर. बायकोच्या हिशेबात टप म्हणजे घराची चौथी भिंत. पाऊस थांबतो की नाही हा तिच्या दृष्टीनं किरकोळ मामला.

एवढ्यात पुण्याचा भाचा सुट्टीला आला. त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, टप काय घेऊन बसलास, कॅम्पर कर!" अमेरिकेतला कुणी दाढीवाला आपल्या पिकअपच्या मागं टोपण लावून आत गादी, चूल, दिवा असा संसार मांडून बसला होता. मागची काच उघडली की समोर डोंगर. भाच्याचे बेत लगेच वेरूळला पोचले. "सकाळी उठायचं, समोर लेणी, हातात चहा!"

"सकाळचा चहा घरी मिळत न्हाई का तुला?" आबा म्हणाले.

मी तो व्हिडिओ मात्र बारकाईनं पाहिला, आणि खरी गोम तिथं सापडली. तिकडच्या पिकअपचा हौदा ही पक्की पेटी असते. उघडतो तो फक्त मागचा फाळका. त्या पेटीच्या काठावर फायबरचं नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचं टोपण ठेवायचं, क्लॅम्पनं आवळायचं, भोकसुद्धा पाडावं लागत नाही. कंपन्या एकेका मॉडेलच्या मापाची टोपणं बनवतात. आमच्या गाडीचे फाळके तिन्ही बाजूंनी पडतात, आणि पडतात म्हणूनच बाजार समितीत ज्या अंगाला हमाल उभे असतील त्या अंगानं माल उतरतो. फाळक्यांवर टोपण आवळलं, की तिन्ही फाळके जन्माचे बंद. भाचा म्हणाला, "मग फाळके काढून टाक." तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिथं नको ते काढून टाकता येत असावं.

तरी त्याच्या समाधानासाठी आरटीओबाहेर बसणाऱ्या एजंटाला विचारलं. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय हे त्याला पाठ होतं. "पण साहेब, कॅराव्हॅनची नोंद येगळी. तुमची पिवळी पाटी. पिवळ्या पाटीत गादी टाकली म्हणून ती कॅराव्हॅन होत नाय." मग त्यानं आवाज बारीक करून मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगितलं: आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा एकेका बदलाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फिटनेसला गाडी नेली, की बदल लपत नाही, आणि आठ वर्षांची झाल्यावर फिटनेस दरवर्षी. "आन् मागं माणसं तर बसवूच नका. उद्या काही झालं तर विमेवाले हात वर करतेत." बायकोचा तुळजापूरचा बेत तिथंच बारगळला. अर्धं गाव टपात बसवून तुळजापूरला न्यायचं तिनं मनात ठरवून टाकलंय, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

जालन्यात लोखंडाला तोटा नाही. सळईच्या भट्ट्या असलेलं गाव. वेल्डिंगची ठिणगी दिसत नाही अशी गल्ली सापडणं अवघड. एका मिस्त्रीकडं गाडी लावली. त्यानं टेप फिरवला, कानावरचा खडू काढला आणि फाळक्याच्या आतल्या बाजूला हिशेब मांडला. हौदा नऊ बाय साडेपाच फूट, उंची पाच फूट धरली तर चार बाजू आणि छत मिळून अठरा चौरस मीटर पत्रा. एक मिलिमीटर जाडीचा घेतला तरी मीटरला पावणेआठ किलोच्या वर. म्हणजे नुसता पत्रा एकशेचाळीस किलो. त्यावर अँगल, दार, बिजागऱ्या.

"दो सौ किलो पकडो भाऊ," तो म्हणाला. "फिर माल उत्ता कम."

1.3 टन माल वाहणारी गाडी. वीस किलोचा क्रेट धरला तर दर खेपेला दहा क्रेट बागेतच. शिवाय टप केबिनच्या वर निघणार, म्हणजे समोरचा वारा छातीवर घ्यायचा, ॲव्हरेज खाली. हे सगळं त्यानं काम मिळत असताना सांगितलं, म्हणून तो मला आवडला. हिशेब अजून फाळक्यावर आहे. बायको तो पुसू देत नाही, भांडणात पुरावा म्हणून लागतो.

घरी आलो तर ओट्यावर शेजारचे नाना. बातमी पोचली होती.

"ऐकलं, गाडी बंद करतूस?"

"बंद नाही नाना, टप."

"त्येच. मंग टाकी कुठं ठिवायची?"

मी गप्प झालो. उन्हाळ्यात, विहिरी आटल्या की, हौद्यात हजार लिटरची काळी टाकी ठेवून आमच्या गल्लीचं पाणी याच गाडीनं येतं. हजार लिटर म्हणजे टनभर, फाळके कण्हतात. टाकीचं तोंड वर, त्यात वरून पाइप सोडायचा. छताला पत्रा असला तर पाइप कुठून सोडणार? 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते देशानं पाहिलं. आमच्या गल्लीला पिकअपनं येतं, त्याची दखल फक्त नाना घेतात.

मग नानांनी यादीच काढली. त्यांच्या नातीच्या लग्नाचे मंडपाचे बांबू, मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातला स्पीकर, त्यांचा स्वतःचा कडबा. "मपलं काय न्हाई," ते म्हणाले, "गाडी तुपली हाये. पर इच्यार कर." ऐकता ऐकता ध्यानात आलं, की टपाविषयी इतक्या दिवसांत कुणी चकार शब्द बोललेलं नाही. जो तो हौद्यात आपापलं सामान रचून दाखवत होता: आबा कापूस, बायको देवदर्शन, भाचा लेणी, नाना टाकी. माझा युरिया त्यात कुठं खालीच दबला होता.

शेवटी मिस्त्रीनंच तोड काढली. पाइपच्या तीन कमानी, त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या दांड्या, चार नटांवर बसणारा सांगाडा, त्यावर शिवून घेतलेली ताडपत्री. पाऊस आला की चढवायचा, कापूस निघाला की उतरवायचा. वजनाला दोन माणसांना उचलण्याएवढा. मी विसार दिला, वर ताडपत्री पिवळी घेतली, कारण आबांच्या मते काळी तापते.

सांगाडा मस्त झाला. पहिल्या आठवड्यात मी चाव्या फिरवत हिंडलो. मग नाना कडब्यासाठी आले. पाना त्यांचा स्वतःचा होता. चार नट काढून सांगाडा अंगणात ठेवला. दुसऱ्याला बांबू न्यायचे होते, मग कुणाला अजून काही. नट कधी नानांच्या खिशात, कधी पारावर. सांगाडा अंगणातच राहिला. बायकोनं त्याखाली सरपण रचलं. आबांनी सरपण सरकवून शेळी बांधली. मी काही बोलणार तोवर शेळी व्यायली.

"करडं पाला खाया लागेस्तोवर हात लावू नको," आबांनी बजावलं. "गारठा लागंल त्यास्नी."

आज पुन्हा जालन्याहून माल आणायचा होता आणि पश्चिमेला ढग दिसत होते. जाताना दुकानात थांबून नवी ताडपत्री मागितली. दुकानदार ओळखीचा. "आत्ताच तर नेली की. तिला काय झालं?"

"तिच्याखाली शेळी व्यायलीय."

त्यानं ताडपत्रीची घडी काउंटरवर आपटून धूळ झटकली. "किती करडं?"

"दोन."

"पाठी का बोकडं?"