अटी घाला, पण मुदत आणि मदतही द्या

युरोपीय संघाने क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या दोन कीटकनाशकांच्या अवशेषांची मर्यादा २०२३ च्या नियमाने अगदी खाली आणली आणि आयात मालाला ती मार्च २०२६ पासून लागू केली. यामागचे कारण ग्राहकाचे आरोग्य नसून जगभर घटत चाललेल्या मधमाश्या आणि इतर परागवाहक कीटक हे आहे. यावर ‘आपला माल अडवण्याचा कावा’ असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. मधमाश्या आपल्याही शिवारात आहेत, आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा मजूर तर आपलाच आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. समुद्री कासवांना निसटू देणारे साधन जाळ्यांत नाही म्हणून अमेरिकेने कोळंबी अडवली, तेव्हा भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये अपील मंडळाने कासवे वाचवण्याचा हेतू मान्य केला. पण कॅरिबियन भागातील देशांना तीन वर्षांची मुदत व तांत्रिक साहाय्य आणि आशियाई देशांना जेमतेम चार महिने, हा भेदभाव अमान्य केला. अट घालणाऱ्याने ती पाळण्यासाठी सर्वांना सारखी मुदत आणि मदत दिली पाहिजे, हा आग्रह आपण प्रत्येक वाटाघाटीत धरला पाहिजे.

अट पाळण्याची तयारी केली तर काय साधते, हे आम्ही नवी मुंबईकरांनी पाहिले आहे. फळमाशी सापडल्याने युरोपने २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि हंगामाचा फटका कोकणातल्या बागायतदाराला बसला. प्रक्रिया आणि तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ मध्ये बंदी उठली. अमेरिकेला जाणारा हापूस तर आजही वाशीतल्यासारख्या केंद्रात विकिरण होऊनच, म्हणजे किरणांच्या माऱ्याने कीड निकामी करूनच, रवाना होतो.

मात्र तुर्भ्याच्या बाजारात पहाटे उतरणाऱ्या, तुमच्या-माझ्या घरी येणाऱ्या भाजीचे काय? युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बाग नोंदवली जाते, काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो. ठाण्यात विकल्या जाणाऱ्या वांग्याला अशी शेतागणिक तपासणी नाही, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारात ‘ग्रीन बॉक्स’ म्हणजे मुभा असलेल्या सरकारी खर्चांची यादी आहे; तिच्यातील संशोधन, कीड नियंत्रण, प्रशिक्षण आणि तपासणी सेवांवरील सरकारी खर्चाला कोणतीही मर्यादा नाही. तेव्हा तालुक्यातालुक्यांत अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळा उभारण्यापासून आपल्याला जिनिव्हाने, म्हणजे तिथे मुख्यालय असलेल्या या संघटनेने, अडवलेले नाही. ही मागणी मुंबई आणि दिल्लीकडेच करायला हवी.