घारापुरीला (म्हणजे एलिफंटा बेटावर) टेंट लावता येतो का? नाही!

ग्रुपवर फिरतंय ते वाचून तीन जणांनी मला विचारलं म्हणून लिहितोय, "एलिफंटावर रात्री टेंट लावून रहा, बेटावर लाईट नाही त्यामुळे तारे मस्त दिसतात" असं काहीतरी. अहो, पर्यटकांना तिथे रात्री रहायला परवानगीच नाहीये, मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून सकाळी बोटीने जायचं, तासभर लागतो, आणि संध्याकाळी शेवटची बोट सुटायच्या आत जेट्टीवर परत यायचं. रात्री राहतात ते शेतबंदर, मोराबंदर, राजबंदरचे गावकरी. आणि लाईटचं म्हणाल तर २०१८ मध्येच समुद्राखालून केबल टाकून वीज आली की बेटावर! हां, सोमवारी लेणी बंद असतात, हे मात्र त्या मेसेजमध्ये कोणी लिहिलं नाही.