टॅपेटची टकटक आणि पंधरा थाऊ: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

ॲम्बेसिडरच्या टॅपेट सेटिंगवरच्या (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांतला गॅप ठरवण्यावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं. नाशिकच्या पंचवटीतले तुमचे मेस्त्री आयुष्यभर कानाने टॅपेट सेट करत आले आहेत. तुमच्या मार्क टूची टकटक त्यांनी इंजिन चालू ठेवून, स्क्रू आवळून बंद केली. नंतर तुम्ही गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहिलं तर आठ थाऊ, म्हणजे इंचाचे आठ हजारांश, भरलं. त्याच सेटिंगवर गाडी कसारा घाट चढून आली, काही झालं नाही. आणि ‘लिफ्टर (कॅमवर बसून पुशरॉड उचलणारा तुकडा) काढून बघा’ असं सांगून मी लोकांना विनाकारण खर्चात पाडतोय.

गाडी जुनी आहे, तिचं हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) आज सहज मिळत नाही, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. पुन्हा घाट चढण्याआधी ते टॅपेट पंधरा थाऊवर आणा.

मेस्त्रींच्या कानाबद्दल माझं दुमत नाही. आठपैकी नेमका कोणता टॅपेट वाजतोय हे नुसतं ऐकून सांगणारी माणसं द्वारकेकडच्या जुन्या गॅरेजांत मी पाहिली आहेत. ते कसब मोठंच. पण कानाला कळतो तो मोकळा टॅपेट. जास्त आवळलेला टॅपेट आवाजच करत नाही, मग कान काय पकडणार?

या १४८९ सीसी इंजिनला गरम असताना ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिमी गॅप ठेवायचा असतो. तो आवाजासाठी ठरवलेला नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जळता वायू बाहेर पडतो आणि त्या व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. म्हणजे व्हॉल्व्ह मिटून सीटवर टेकलेला असतो तेवढाच त्याचा गार व्हायचा वेळ. इंजिन ३००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. गॅप कमी केलात की व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो, टेकण्याचा वेळ घटतो. गॅप पुरता संपला तर तो धड टेकतच नाही. मग कडेच्या फटीतून आगीचा झोत निसटतो आणि तेवढी कड जाळून टाकतो. हे एका घाटात होत नाही, म्हणून ‘चढून आली, काही झालं नाही’ हा पुरावा मला पुरेसा वाटत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं: ‘आता तर टॅपेट आधीपेक्षाही गप्प झालेत.’ वापराने रॉकर, पुशरॉड (लिफ्टरपासून रॉकरपर्यंतची दांडी) झिजले तर गॅप वाढतो, आवाज वाढतो. आवाज आपोआप कमी होत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली बसत चाललेली असते. या इंजिनाच्या सीट बिडाच्या हेडमध्येच कापलेल्या आहेत. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं त्यांना जपायचं. २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि ते संरक्षण गेलं. ज्या हेडमध्ये कडक सीट बसवून घेतलेल्या नाहीत, तिथे जोर लावून गाडी हाणली की सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप मिटत जातो. पंधरावरून सुरुवात केली तर हाताशी थोडा अवधी असतो. आठवरून केली तर अर्धा अवधी आधीच गेलेला.

आता खर्चाचा मुद्दा. पंधरा थाऊ ठेवूनही आवाज येतो, हे तुम्ही लिहिलंय ते खरंच असणार. तिथेच तर थांबून बघायचं. सगळ्यात आधी रॉकरचं टोक बघा. वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटून त्यात खळगा पडतो. गेजची पट्टी दांडीपेक्षा रुंद, ती खळग्यावर नदीवरच्या पुलासारखी आडवी बसते. गेज पंधरा सांगतं, खरा गॅप बावीस असतो आणि टॅपेट वाजतो. (तुमच्या मेस्त्रींचं आठ एखाद्या व्हॉल्व्हवर या हिशोबाने बरोबरही निघेल! पण आठही रॉकरना सारखाच खळगा पडलेला नसतो.) यावर उपाय स्वस्त आहे. अरुंद पट्टीने किंवा डायल गेजने मोजा, आणि खळगा उथळ असेल तर सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत टोक ग्राइंड करून घ्या. फार घासू देऊ नका, वरचा कडक थर गेला की रॉकर बाद.

लिफ्टर बघायलाही हेड उतरवावं लागत नाही, हे मात्र अनेकांना माहीत नसतं. रॉकर शाफ्टच्या काही नटांवर हेडही आवळलेलं असतं, म्हणून शाफ्टला हात लावू नका. ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल करा, व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरा, रॉकर शाफ्टवर बाजूला सरकवा आणि पुशरॉड वर ओढा. कडेच्या रॉकरना थोडी जास्त खटपट लागते. मग ब्लॉकच्या बाजूची टॅपेट कव्हरं उघडली की लिफ्टर बोटाने निघतात. कोणता कुठला ते चिठ्ठी लावून ठेवा, प्रत्येक लिफ्टर आपल्याच भोकात परत गेला पाहिजे. तळ गुळगुळीत आणि गोल घासलेला असेल तर लिफ्टर नीट फिरतोय. एकाच रेषेत घासलेला, खड्डे पडलेला किंवा आत दबलेला असेल तर तो फिरायचा थांबलाय आणि कॅमचा लोबही (लिफ्टर उचलणारा उंचवटा) खातोय. हा आवाज स्क्रूने जात नाही, फक्त दडपला जातो. झिजलेल्या कॅमवर नवे लिफ्टर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन्ही एकत्र बदला, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर वीस मिनिटं इंजिन २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलवर सोडू नका. ऑईल जस्त-फॉस्फरसवालं, जुन्या इंजिनांसाठीचं घ्या.

एवढं बघायला गॅस्केट, थोडं ऑईल आणि एक रविवार लागतो. जळालेला व्हॉल्व्ह यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

मोजताना इंजिन गरम पण बंद ठेवा आणि नऊची बेरीज धरा, म्हणजे उघडा व्हॉल्व्ह आणि सेट करायचा व्हॉल्व्ह यांचे नंबर मिळून नऊ. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सहावा उघडा असताना तिसरा, चौथा उघडा असताना पाचवा, सातवा उघडा असताना दुसरा. मग हेच उलट. एक, चार, पाच आणि आठ हे एक्झॉस्टचे, त्यांचा गॅप आधी लिहून घ्या. मेस्त्रींना सोबत घ्या, त्यांचा कान आणि तुमचं गेज दोन्ही लागेल.

गॅप बरोबर करून झाला की चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादं कमी निघालं तर त्यात चमचाभर ऑईल टाकून परत मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. तसं असेल तर हेड काढून एक्झॉस्टच्या चारही सीट कडक बसवून घ्या, आणि तोवर गाडी शहरातच फिरवा. आठ गॅप आणि चार कॉम्प्रेशनचे आकडे इथेच खाली लिहा, मी बघतो.