कर्ज फिटलं, थकबाकी मात्र वाढतेय

कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या ज्या कंपनीचं तोंड मी कधी पाहिलं नाही, जिच्या दारात कधी गेलो नाही, ती बँकेला सांगणार की हा माणूस कर्ज द्यायच्या लायकीचा आहे की नाही. आणि बँक तिचं ऐकणार. समोर खुर्चीत मी बसलोय, हातात कागद आहेत, पण माझं नाही ऐकणार!

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होडी वर ओढून झापांनी शाकारली की मशीन बदला, जाळी दुरुस्त करा, जे काय करायचं ते याच दोन महिन्यांत. मशीनसाठी कर्ज हवं म्हणून तालुक्याच्या बँकेत गेलो. साहेबांनी पॅन नंबर टाकला आणि चेहराच बदलला. म्हणे, "तुमच्या नावावर ओव्हरड्यू दिसतोय."

कसला ओव्हरड्यू? मोटारसायकलचा! कर्ज शेवटच्या हप्त्यासकट फेडलेलं. एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, आहे. आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, फायनान्स कंपनीचा बोजा उतरवून आणलाय. मी त्या नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून माझा क्रेडिट रिपोर्ट मागून घेतला. त्यात दर महिन्याचा एक चौकोन असतो, हप्ता किती दिवस थकला ते दाखवणारा. कर्ज चालू होतं तोवर सगळीकडे ०००. आणि फिटल्यानंतर? ०३०, ०६०, ०९०... म्हणजे देणं संपल्यावर माझी थकबाकी सुरू झाली! रक्कम किती, तर ५९० रुपये. कुठलेतरी पाचशे रुपयांचे चार्जेस आणि वर १८ टक्के जीएसटी. एक पत्र नाही, मेसेज नाही, फोन नाही. आणि या ५९० रुपयांपायी लाखाचं मशीन अडलं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. रिपोर्टवाल्या कंपनीकडे तक्रार टाकली तर उत्तर आलं, आम्ही स्वतःहून काही बदलू शकत नाही, कर्ज देणाऱ्याने दुरुस्ती पाठवली पाहिजे. फायनान्स कंपनीला फोन लावला तर तिथला पोरगा म्हणतो, "सर, आमच्या सिस्टीमला क्लोज दाखवतंय, तुम्ही सिबिलला विचारा." अरे बाबा, तुझ्या सिस्टीमला क्लोज आहे तर चुकीची माहिती पाठवली कोणी, मी? चूक त्यांची, निस्तरायची आम्ही. वर पुरावाही आम्हीच द्यायचा.

देशात अशा रिपोर्टवाल्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेने त्यांना परवाना दिलाय. चौघींकडे आपली वेगवेगळी फाईल. कर्जफेडीवरून मार्क देतात, तो स्कोअर ३०० ते ९००. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे, पण तो आम्हाला बँकेत कोणी सांगितला का? उलट मोबाईलवर "फुकट स्कोअर बघा" अशा जाहिराती येतात. एकदा नंबर टाका, मग बघा मजा. भर दुपारी, जेवून जरा पाठ टेकली की फोन. "सर, प्री-अप्रूव्ह्ड पर्सनल लोन..." ज्या बँकेत मी पायरी चढून जातो ती नाही म्हणते, आणि कुठल्याशा शहरातला अनोळखी माणूस पाच लाख घ्या म्हणून मागे लागतो. त्याला माझं नाव, माझा नंबर, मला कर्जाची गरज आहे हे सगळं कळलं कुठून, हे कोणी सांगत नाही.

आणि हे कर्जापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. भाच्याला पुण्यात नोकरी लागली. बॅकग्राऊंड चेकवाल्याने थेट वाडीतल्या किराणा दुकानात फोन केला: पोरगा कसा आहे, घरचे कसे आहेत, उधारी आहे का. आमच्याकडे दुकानात एक गोष्ट बोलली की संध्याकाळी जेटीपर्यंत पोचते. दुसऱ्या दिवशी लिलावाला गेलो तर एकजण विचारतो, "काय रे, भाच्यान काय केल्यान?" पोराने काही केलं नाही रे, नोकरी मिळवली! बँकांच्या भरतीच्या जाहिरातींत तर क्रेडिट हिस्टरी चांगली हवी अशी अट असते. शिक्षणाचं कर्ज फेडायला नोकरी पाहिजे, आणि ते थकलं तर बँकेतली नोकरी नाही. कुठल्या हुशार डोक्यातून निघालं हे?

एवढं सगळं गोळा करतात, निदान नीट सांभाळतात का? २०१७ मध्ये अमेरिकेत इक्विफॅक्सवर हॅकरांनी डल्ला मारला, सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. त्यातल्या कोणी आपणहून तिथे खातं उघडलं होतं?

असो. कागद मीही वाचलेत आता. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, एप्रिल २०२४ पासूनचा. फायनान्स कंपनीने दुरुस्ती पाठवायची ती २१ दिवसांत. आणि या रिपोर्टवाल्या कंपन्या आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कक्षेतही येतात. एनओसी, आरसी, रिपोर्टचं ते पान, सगळं स्कॅन करून ठेवलंय. ते शंभर-शंभर रुपये मी सोडणार नाही, मग माझ्या मशीनचं काहीही होवो. आणि तोवर पुन्हा कोणी दुपारी फोन करून पाच लाख देतो म्हणाला, तर आधी त्याच्याकडूनच ५९० रुपये भरून घेईन.