चालू शे ना ते?

आमच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात एक काळा डब्बा बसलेला आहे. पावतीवर त्याचं नाव नेटवर्क स्टोरेज. घरात ते नाव कुणी घेत नाही. मुलगी त्याला ‘नॅस’ म्हणते, बायको ‘तुमचं ते’ म्हणते आणि आप्पा सरळ ‘डब्बा’. 2016 साली जळगावच्या गोलाणी मार्केटमधून मी तो मांडीवर घेऊन अमळनेरला आणला. तेव्हापासून तो रात्रंदिवस घुर्रघुर्र करतोय आणि घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, जमिनीचे स्कॅन केलेले उतारे पोटात घेऊन बसलाय.

आत चार-चार टीबीच्या दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर, आरशासारखं. पहिल्या दिवशी चालू केला तर पडद्यावर जागा दिसली 3.6 टीबी. आप्पा मागेच उभे होते. म्हणाले, “मापमा फसाडं तुले.” मी समजावलं की डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात आणि डब्बा 1024 च्या पटीत, म्हणून आकडा कमी दिसतो. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. देताना एक पायली आणि मोजताना दुसरी, हा व्यवहार कापूस विकणाऱ्या माणसाला नव्याने सांगावा लागत नाही.

तर या डब्ब्याच्या पडद्यावर तीन वर्षं एक नारिंगी ठिपका होता. ‘नवीन आवृत्ती उपलब्ध.’ साधी डागडुजी नव्हे, अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम सहावरून सातवर. मी त्या ठिपक्याकडे बघायचंच टाळलं. उधारी थकली की माणूस किराणावाल्याची गल्ली सोडून पलीकडच्या गल्लीने जातो, तसा मी सेटिंगचं पान सोडून थेट फोटोंच्या पानावर जायचो.

भीतीचं कारण होतं. सातव्या आवृत्तीवर गेलं की सहाव्यावर परत येता येत नाही, असं त्याच पानावर स्वच्छ लिहिलेलं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना अर्ध्यात ट्रक मागे वळवून दाखवा, तसलाच प्रकार. शिवाय अपडेट चालू असताना लाइट गेली तर डब्ब्याची वीट होऊ शकते. आणि अमळनेरला लाइट कधी जाईल हे पंचांगात लिहिलेलं नसतं.

आप्पांचं मत मी विचारलं नव्हतं, तरी मिळालं.

“चालू शे ना ते? मंग कशाले हात लावस?”

आप्पा एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. चालत्या गाडीचं बॉनेट उघडलं की ती मनातून दुखावते, असा त्यांचा शास्त्रशुद्ध अनुभव आहे. त्यांच्या स्कूटरला आजही मूळचं कार्ब्युरेटर आहे आणि ती पहिल्या किकला सुरू होते. अशा माणसापुढे सुरक्षेच्या पॅचची महती काय सांगणार?

भाचा जळगावला इंजिनियरिंगला आहे. तो म्हणाला, “मामा, जुन्या आवृत्तीला पॅच येणं बंद झालंय. कुणी घुसलं तर?” मग त्याने डेडबोल्टची गोष्ट सांगितली. 2022 च्या जानेवारीत हा व्हायरस जगभरातल्या घराघरांतल्या असल्याच डब्ब्यांत शिरला, सगळ्या फायलींना कुलूप घातलं आणि लॉगिनच्या पानावर पाटी लावली : किल्ली पाहिजे तर 0.03 बिटकॉइन द्या. मी हिशेब केला. तेव्हाच्या भावाने तो आकडा लाखाच्या आसपास जात होता. रात्री झोप लागली नाही. तिकडे आप्पा घोरत होते. त्यांच्या स्कूटरला कुणी कुलूप घालणार नव्हतं.

“मग क्लाउडवर टाका ना सगळं,” भाचा म्हणाला. माझा डेटा 2.6 टीबी. घरच्या इंटरनेटचा वर जाण्याचा वेग 40 एमबीपीएस, तोही कागदावरचा. म्हणजे न थांबता सहा दिवस, न थांबता सहा रात्री. एवढ्या वेळात सखाराम महाराजांच्या यात्रेतले पाळणे उभे राहतात. पुण्याचा एक मित्र म्हणाला, “तो डब्बाच फेक, जुना पीसी घे आणि ट्रूनॅस टाक, पीसीचाच डब्बा करणारी सिस्टिम.” त्याचंच आधी फ्रीनॅस असं नाव होतं, 2020 मध्ये ते बदललं, हेही त्याने सांगितलं. पुण्याच्या मित्राला प्रश्न विचारला की उत्तराऐवजी नवा प्रकल्प मिळतो.

बायकोचा प्रश्न मात्र नेमका होता. “अहो, माझे अल्बम राहतील ना?” मी वाचलं होतं की नव्या आवृत्तीत फोटोंचं जुनं अ‍ॅप जातं आणि दुसरं येतं. फोटो राहतात, मांडणीची खात्री नाही. हे मी तिला सांगितलं नाही. “राहतील,” म्हणालो, आणि त्या क्षणी या अपडेटमध्ये जिवाची जोखीमही आली.

शेवटी निर्णय कानबाईने घ्यायला लावला. कानबाई म्हणजे आमची खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ती बसते. त्याआधी घराला रंग लागतो, भांडी माळ्यावरून उतरतात, भाऊबंदकी गोळा होते, आणि सोमवारी विसर्जन झालं की सगळ्यांना जुन्या कानबाईचे व्हिडिओ टीव्हीवर बघायचे असतात. भिंतींना नवा रंग आणि डब्ब्यात जुनी सिस्टिम, हे मला बरं दिसेना.

आधी बॅकअप. भाच्याने नियम पाठ करून घेतला होता, तीन-दोन-एक : तीन प्रती, दोन तऱ्हेच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने हा नियम रूढ केला म्हणे. मी छाती काढून म्हटलं, माझ्या तर दोन डिस्क आहेत. भाचा हसला. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे मामा, इकडे चुकून पुसलं की तिकडेही त्याच क्षणी पुसलं जातं. म्हणजे इतकी वर्षं मी जुळ्या भावांना एकमेकांचा जामीन ठेवला होता.

नवी बाहेरची डिस्क आणली. फुकटच्या अपडेटचा पहिला खर्च. कॉपी करण्याआधी सहज फोल्डर उघडून बघितले आणि ‘कानबाई 2014’ वर येऊन थांबलो. आत सात व्हिडिओ. प्रत्येकाचा आकार एक केबी.

मी डोळे चोळले. एक केबीमध्ये कानबाईच्या नथीतला मोतीही मावणार नाही. मग उलगडा झाला. 2016 साली जुन्या कॉम्प्युटरवरून सगळं डब्ब्यात टाकताना मी व्हिडिओ उचललेच नव्हते, डेस्कटॉपवरचे त्यांचे शॉर्टकट उचलले होते. गावाच्या जागी गावाकडे बाण दाखवणाऱ्या सात पाट्या मी दोन-दोन डिस्कवर आरसा करून प्राणपणाने जपल्या होत्या. जुना कॉम्प्युटर तर भंगारवाल्याला कधीच दिलेला. त्याच वर्षी शेवटची कानबाई माझ्या आजीने मांडली होती. घरात मी याबद्दल चकार शब्द काढला नाही.

बाकीचं कॉपी करायला लावलं. सहा तासांत होईल असा अंदाज होता, पण पडद्यावर दिसले एकवीस. घाईत केबल पुढच्या, जुन्या आणि संथ यूएसबी टूच्या भोकात घातली होती. निम्मं झाल्यावर कळलं, आणि निम्म्यावर काढायची हिंमत झाली नाही. मग एक यूपीएस आणला. दुसरा खर्च.

शनिवारी रात्री दीडला बटण दाबलं. ‘सुमारे 20 मिनिटे लागतील’ अशी पाटी आली. अठराव्या मिनिटाला निळा दिवा लुकलुकायला लागला, चाळिसाव्यालाही लुकलुकतच होता. मी देवघरातल्या कानबाईच्या नारळाकडे बघितलं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला डब्बा ‘टीक्’ असा बोलला. सातवी आवृत्ती! फोटो जागेवर. अल्बम थोडे इकडेतिकडे, पण डब्बा सगळे चेहरे नव्याने ओळखायला बसला होता आणि पुढचे तीन दिवस हाश्शहुश्श करत बसणार होता, त्यामुळे दोष त्याच्यावर ढकलता येत होता.

सोमवारी दुपारी विसर्जन करून तीस-पस्तीस माणसं ओसरीत आणि हॉलमध्ये दाटली. रोटाचं जेवण अंगावर आलेलं. ताई म्हणाली, “दादा, लाव ना व्हिडिओ.” मी टीव्हीला जोडलेला मीडिया प्लेअर चालू केला. पडद्यावर पाटी : ‘नेटवर्कवर काहीही सापडले नाही.’

प्लेअर 2011 चा. त्याला फायली मागायची एकच भाषा येते, एसएमबी वन. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या, डेडबोल्टसारख्याच व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो तिच्यातल्याच एका भोकातून, म्हणून नव्या आवृत्तीने ती भाषा मुळातच बंद ठेवलेली. सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येते. म्हणजे ज्या चोराच्या भीतीने नवं दार बसवलं, त्याच्यासाठी खिडकी उघडायची. मी मोबाइलवर सेटिंग उघडून, अंगठा हवेत धरून उभा. मागे मावश्या कुजबुजत होत्या.

“काय व्हयनं?” आप्पांनी विचारलं.

मी एसएमबी वनचा इतिहास सुरू केला. दुसऱ्या वाक्याला आप्पांनी बंडीच्या खिशातून पानाची डबी काढली आणि डबीतून एक पेनड्राइव्ह. टीव्हीच्या मागे हात घालून तो खोचला, रिमोट माझ्या हातातून घेतला, आणि पडद्यावर कानबाई उभी राहिली. नथ, शालू, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली आजी.

2014.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आप्पांनी त्याच वर्षी शूटिंगवाल्याकडून सगळं भरून घेतलं होतं. एक पेनड्राइव्ह डबीत, एक डीव्हीडी पत्र्याच्या पेटीत, आणि एक पेनड्राइव्ह धुळ्याला आत्याकडे. मी बोटांवर मोजलं. तीन प्रती. दोन माध्यमं. एक घराबाहेर. भाचा माझ्याकडे बघत होता, मी छताकडे.

रात्री पाहुणे पांगल्यावर मी आप्पांच्या खाटेशी जाऊन हळूच म्हटलं, “आप्पा, तो पेनड्राइव्ह जरा द्याल का?”

“कशाले जोयजे?”

“डब्ब्यात एक कॉपी ठेवतो.”

आप्पांनी डबी उघडली, आधी पान लावलं, मग पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. मुठीवर त्यांचा हात तसाच राहिला.

“पन कॉपीच करजो,” ते म्हणाले. “अपडेट नको करजो.”