तिथेच तर ग्यानबाची मेख आहे!

स्पॅनिशच्या क्लासला जायचे तेव्हा एकदा सरांनी पुस्तक बंद करायला लावलं आणि एक जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा लावला, सबटायटल्स नाहीत, म्हणाले बघा किती कळतं ते. शब्द सगळे ओळखीचे होते पण त्या हीरोच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा. अर्ध्या तासाने मी विचारलं, सर हा नक्की काय म्हणतोय? सर म्हणाले, अगं मेक्सिकोतल्या माणसालाही ते कळत नाही, ते न कळण्यातच सगळी गंमत आहे!

सिनेमा होता १९४० चा, 'आई एस्ता एल देताये'. आपल्या भाषेत सांगायचं तर 'तिथेच तर ग्यानबाची मेख आहे'. आणि हीरो मेक्सिकोचा विनोदी नट कान्तिन्फ्लास.

त्या दिवसापासून मी या माणसाच्या प्रेमात आहे. म्हणूनच कोणी त्याला 'मेक्सिकोचा चार्ली चॅप्लिन' म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. ढगळ पँट, चिमुकली मिशी, खिसा रिकामा, एवढं सारखं आहे, मान्य. पण चॅप्लिनचा तो भटक्या बोलत नाही म्हणून मोठा आहे आणि कान्तिन्फ्लास बोलतो म्हणून मोठा आहे! त्याचा आवाज बंद करून बघा, निम्म्याहून जास्त कान्तिन्फ्लास गायब होतो.

खरं नाव मारिओ मोरेनो. जन्म १९११, मेक्सिको सिटी. वडील पोस्टात, घरात पोरं भरपूर, वाढला तेपितो नावाच्या गरीब, दांडगट वस्तीत. बॉक्सिंग करून बघितलं, काय काय करून बघितलं आणि शेवटी 'कार्पा'मध्ये रमला. कार्पा म्हणजे तंबूतला खेळ, नाच गाणी नकला सगळं एकत्र, तिकीट स्वस्त, आणि पब्लिक असं की आवडलं नाही तर तोंडावर सांगणार. आपल्या तमाशाच्या तंबूत सोंगाड्याची जी परीक्षा होते ना तीच. घरी कळू नये म्हणून 'कान्तिन्फ्लास' हे काहीच अर्थ नसलेलं नाव घेतलं असं तो सांगायचा. आणि त्या बोलण्याबद्दल असं सांगतात की एकदा स्टेजवर घाबरून तो काहीही बरळत सुटला, लोक पोट धरून हसले आणि त्याला आपली वाट सापडली.

त्याचं पात्र म्हणजे 'पेलादो', शहरातला कफल्लक माणूस. कमरेखाली घसरलेली पँट दोरीने बांधलेली, खांद्यावर कापडाचं एक फाटकं लक्तर आणि त्याला तो ऐटीत आपला 'गाबार्दीना' म्हणजे ओव्हरकोट म्हणणार. हा माणूस पोलिसासमोर, मालकासमोर, वकिलासमोर उभा राहिला की त्यांच्यासारखं जड जड बोलायला लागतो, वाक्य सुरू करतो, मधेच सोडतो, दुसरं धरतो, "म्हणजे तसं नाही, पण तसंच" करत करत समोरच्याला एवढं घुमवतो की शेवटी तो साहेबच गप्प बसतो. क्रांतीनंतरच्या त्या मेक्सिकोत भाषणांचा नुसता पूर आला होता, गरिबाच्या नावाने सगळे बोलत होते, आणि इथे एक गरीबच त्यांची भाषा घेऊन तिच्यात काही नाही हे दाखवत होता. १९३७ मध्ये लोम्बार्दो तोलेदानो या कामगार पुढाऱ्याने आपल्या विरोधकाला सुनावलं की तुला वाद घालायची एवढी हौस असेल तर जा कान्तिन्फ्लासशी घाल! यावर कान्तिन्फ्लासने छापील उत्तर दिलं, तेही त्याच्या त्याच भाषेत.

आता 'आई एस्ता एल देताये'मधला तो कोर्टाचा सीन. मोलकरणीने सांगितलं म्हणून याने बॉबी नावाचा पिसाळलेला कुत्रा मारलाय, आणि नेमका बॉबी नावाचाच एक गुंडही मेलाय. कोर्ट विचारतंय माणसाबद्दल, हा उत्तरं देतोय कुत्र्याबद्दल, अगदी प्रामाणिकपणे, मारला की, मारायलाच हवा होता! सगळं फाशीच्या दिशेने चाललंय आणि आपण हसतोय. पुढे खरा मारणारा येऊन कबुली देतो म्हणून हा सुटतो, पण मला ग्रेट वाटतं ते त्यानंतरचं. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, सगळेच कान्तिन्फ्लाससारखं बोलायला लागतात! कायद्याची सगळी भाषा त्या फाटक्या माणसाच्या भाषेत विरघळून जाते. सत्तेची यापेक्षा चांगली फजिती मी सिनेमात पाहिलेली नाही.

हॉलिवूडला मात्र हे उमगलंच नाही. १९५६ च्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मध्ये तो हीरोचा नोकर पासपार्तू झाला, आपल्या मुंबईतून जाणारी ती आगगाडी, सती जाणाऱ्या राजकन्येची सुटका, ते सगळं त्याच्यावरच आहे. गोल्डन ग्लोब मिळालं, सिनेमाला ऑस्कर मिळालं, स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत तर जाहिरातीत त्याचंच नाव सगळ्यात वर. गोड काम आहे, पण इंग्रजीत तो उड्या मारू शकतो, शब्दांत गुंडाळू शकत नाही. मग १९६० चा 'पेपे', पाहुण्या स्टार्सची ही गर्दी, आणि तरी आपटला.

नंतरचे त्याचे सिनेमे उपदेशाकडे झुकले हे मलाही खटकतं. स्वतः प्रचंड श्रीमंत झाला, सरकारशी जवळीक होती आणि पडद्यावर झाडूवाला, पाद्री, राजदूत होऊन लोकांना चांगलं वागायला सांगायचा. १९६७ च्या 'सु एक्सेलेन्सिया'मधलं ते लांबलचक भाषण लोकांना पाठ आहे, मला ते नाही भावत, तिथे तो सरळ वाक्यं बोलतो! जो माणूस वाक्य पूर्ण न करता सगळं सांगायचा त्याच्या तोंडी पूर्ण वाक्यं ऐकताना जीव तुटतो.

१९९२ मध्ये स्पेनच्या रॉयल अकादमीच्या डिक्शनरीत 'कान्तिन्फ्लेआर' हे क्रियापद आलं, अर्थ असंबद्ध बोलत राहणं, काहीही न सांगता. तेपितोच्या पोराचं नाव, आणि ते थेट माद्रिदच्या पंडितांच्या वहीत! पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला आणि मेक्सिको सिटीत हजारो माणसं पावसात रांगा लावून उभी राहिली.

कोणाला बघायचा असेल तर १९४० च्या त्या सिनेमापासूनच सुरुवात करा. सबटायटल्स हवी तर लावा, पण कोर्टाचा सीन आला की पाच मिनिटं खाली वाचू नका, नुसतं ऐका.